पेलेट ग्रिलचे अतितापन

पेलेट ग्रिलचे अतितापन म्हणजे लाकडी पेलेटवर चालणाऱ्या आणि विद्युत नियंत्रकाने तापमान राखणाऱ्या ग्रिलचे तापमान ठरवून दिलेल्या पातळीपेक्षा बरेच वर जाणे व तेथून आपोआप खाली न उतरणे. ठरवलेल्या तापमानाच्या वरखाली दहा-पंधरा अंश सेल्सिअसचा चढउतार या उपकरणात स्वाभाविक असतो. त्यास अतितापन म्हणत नाहीत. तापमान सतत वरच राहणे, थांबून थांबून उसळणे किंवा काही मिनिटांत झपाट्याने चढणे ही अतितापनाची तीन रूपे होत. पहिल्या दोहोंमुळे अन्न बिघडते. तिसरे रूप बहुधा ग्रिलमधील चरबीने पेट घेतल्याचे लक्षण असते व त्यात भाजण्याचा आणि आग पसरण्याचा धोका असतो.

## पार्श्वभूमी

लाकूडकामातील भुसा दाबून केलेल्या बारीक कांड्यांना पेलेट म्हणतात. त्यांची जाडी साधारणतः ६ ते ८ मिलिमीटर असते. भुसा दाबताना निर्माण होणाऱ्या उष्णतेने लाकडातील लिग्निन हा घटक मऊ होतो व तोच कांडी बांधून ठेवतो. १९७० च्या दशकातील तेलटंचाईनंतर उत्तर अमेरिकेत घरे उबदार ठेवण्यासाठी हे इंधन वापरात आले. अमेरिकेच्या ऑरेगन राज्यातील माउंट एंजल येथील जो ट्रेगर यांनी १९८५ मध्ये याच इंधनावर चालणारे ग्रिल तयार केले व १९८६ मध्ये त्याचे एकस्व (पेटंट) मिळवले. २००६ मध्ये एकस्वाची मुदत संपल्यावर इतर अनेक उत्पादक या व्यवसायात उतरले. मांस मंद आचेवर तासन्‌तास धुरावणे ही अमेरिकेतील बार्बेक्यूची जुनी पद्धत होय. त्यासाठी आचेजवळ जागता पहारा ठेवावा लागे. तो पहारा या ग्रिलने यंत्राकडे सोपवला आणि त्यामुळेच यंत्राची चूक लवकर लक्षात न येण्याची शक्यताही वाढली.

## रचना व कार्य

अतितापनाची कारणे समजण्यासाठी ग्रिलची रचना माहीत असणे आवश्यक आहे. ग्रिलच्या बाजूला पेलेट साठवण्याची पेटी (हॉपर) असते. तिच्या तळाशी विद्युत मोटरने फिरणारे लांब मळसूत्र (ऑगर) असते. ते कांड्या थोड्या थोड्या पुढे ढकलून ग्रिलच्या तळातील छोट्या अग्निपात्रात टाकते. तेथे तापणारी एक सळई सुरुवातीस कांड्या पेटवते आणि पंखा ज्वलनासाठी हवा पुरवतो. अग्निपात्राच्या वर ज्वाला अडवून उष्णता पसरवणारा जाड पत्रा असतो. त्यावर चरबी गोळा करून बाहेरच्या डब्यात सोडणारा तिरका पत्रा असतो आणि त्यावर अन्न ठेवण्याची जाळी असते.

आतील तापमान मोजण्यासाठी एका भिंतीवर धातूची सळई, म्हणजे संवेदक, बसवलेला असतो. तापमान वाढले की त्याचा विद्युत रोध वाढतो. या कामासाठी वापरल्या जाणाऱ्या एका प्रचलित प्रकारच्या प्लॅटिनम संवेदकाचा रोध ० अंश सेल्सिअसला १,००० ओहम व १०० अंशांना सुमारे १,३८५ ओहम असतो. नियंत्रक हा रोध वाचून तापमान ठरवतो आणि त्यानुसार मळसूत्र किती वेळ फिरवायचे याचा निर्णय घेतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. नियंत्रकाला ग्रिलचे खरे तापमान कळत नाही. संवेदक जे सांगतो तेच त्याला कळते. तसेच, गॅसची शेगडी कळ फिरवताच मंद होते, तसे येथे होत नाही. अग्निपात्रात पडलेल्या कांड्या जळून संपेपर्यंत उष्णता देतच राहतात. म्हणून चूक झाल्यानंतर तिचा परिणाम काही मिनिटे चालूच राहतो.

## कारणे

### मळलेला किंवा सदोष संवेदक

संवेदकावर काजळी व चरबीचा थर साचला की त्याला उष्णता उशिरा जाणवते. ग्रिल तापलेले असूनही नियंत्रक ते थंड समजतो व अधिक इंधन टाकतो. थंड मांसाचा तुकडा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा कागद संवेदकाला टेकला असल्यासही हेच घडते. संवेदकाच्या तारांचे आवरण झिजून त्या एकमेकींना चिकटल्यास रोध कमी होतो आणि वाचन खोटेच कमी येते. याउलट तार तुटल्यास रोध अमर्याद होतो व नियंत्रक बहुधा चूक दर्शवणारा संकेत देऊन थांबतो. म्हणजे तुटलेल्या तारेपेक्षा चिकटलेली तार अधिक घातक ठरते.

### अग्निपात्रात साचलेल्या कांड्या

मध्येच ज्वाला विझली, वीज गेली किंवा सुरुवातीस पेटणे फसले, तर अग्निपात्रात कांड्या साचून राहतात. तशाच अवस्थेत ग्रिल पुन्हा सुरू केले असता नेहमीच्या कित्येक पट इंधन एकाच वेळी पेटते. प्रथम दाट पांढरा धूर निघतो. हा धूर म्हणजे न जळालेले ज्वालाग्राही वायू असतात. झाकण बंद असताना ते एकदम पेटल्यास झाकण उडण्याइतका भडका होऊ शकतो.

### चरबीची आग

तिरक्या पत्र्यावर व ज्वालारोधक पत्र्यावर साचलेली चरबी पेटल्यास तापमान झपाट्याने चढते. या वेळी इंधनपुरवठा बंद असला तरी तापमान वाढतच जाते, कारण जळणारी वस्तू वेगळीच असते. ही आग बहुधा विशिष्ट क्रमाने लागते. आधी डुकराच्या खांद्यासारखे चरबीयुक्त मांस सुमारे १०७ अंश सेल्सिअसवर (२२५ अंश फॅरनहाइट) दहा-बारा तास शिजवले जाते. त्या मंद आचेत चरबी गळते, पण पेटत नाही. पुढच्या खेपेस सफाई न करता त्याच ग्रिलवर पिझ्झासाठी किंवा भाजणीसाठी २३० अंशांचे तापमान ठेवले जाते व जुनी चरबी पेट घेते. चूक पहिल्या दिवशी होते, तिचे फळ दुसऱ्या दिवशी मिळते. चरबीची निचरानळी तुंबणे, तिरका पत्रा चुकीच्या बाजूस कलणे आणि संपूर्ण जाळी अ‍ॅल्युमिनियमच्या कागदाने झाकणे ही या आगीची अन्य निमित्ते होत.

### झाकण वारंवार उघडणे

झाकण उघडताच संवेदकाभोवतीची हवा थंड होते. नियंत्रक अधिक कांड्या टाकतो. झाकण बंद केल्यावर त्या जास्तीच्या कांड्या जळतात व तापमान ठरवलेल्या पातळीच्या वर जाते. काही वेळाने हा उसळा आपोआप ओसरतो. तोवर पुन्हा झाकण उघडून पाहिल्यास चक्र नव्याने सुरू होते.

### ‘पी’ मूल्याची चुकीची निवड

जुन्या पद्धतीच्या अनेक नियंत्रकांत धुरावण्याच्या मंद टप्प्यासाठी ‘पी’ नावाचे मूल्य निवडावे लागते. त्यांच्या प्रचलित पद्धतीत मळसूत्र १५ सेकंद फिरते आणि नंतर ४५ सेकंद अधिक ‘पी’ मूल्याच्या दहापट सेकंद थांबते. त्यामुळे :

* ‘पी’ ० असता १५ सेकंद चालू, ४५ सेकंद बंद; मळसूत्र एकूण वेळेच्या २५ टक्के फिरते.
* ‘पी’ २ असता १५ सेकंद चालू, ६५ सेकंद बंद. सुमारे १९ टक्के.
* ‘पी’ ४ असता १५ सेकंद चालू, ८५ सेकंद बंद, १५ टक्के.

आकडा वाढला की इंधन कमी होते व तापमान उतरते. आकडा वाढवला म्हणजे आच वाढेल अशी सामान्य समजूत असल्यामुळे नेमकी उलट चूक होते. उन्हाळ्यात मोठा व हिवाळ्यात लहान आकडा योग्य ठरतो. मात्र आकडा फारच मोठा ठेवल्यास ज्वाला विझते आणि वर सांगितलेला साचलेल्या कांड्यांचा धोका उद्भवतो. नव्या नियंत्रकांत ही गणना आपोआप होते.

### ऊन, वारा व हवेची गळती

ज्वाला जिवंत ठेवण्यासाठी काही किमान इंधन जाळावेच लागते. कडक उन्हात गडद रंगाचे ग्रिल मुळातच तापलेले असते. त्यामुळे ८२ अंशांसारखे (१८० अंश फॅरनहाइट) नीचतम तापमान ठरवले असता किमान ज्वालेनेही ते ओलांडले जाते. हा यंत्रातील बिघाड नव्हे. अग्निपात्राच्या किंवा झाकणाच्या बाजूने जोराचा वारा आत शिरल्यास ज्वलन वाढते. झाकणाच्या कडेची बंदपट्टी झिजल्यासही असाच परिणाम होतो.

### इंधनाचा दर्जा

मळसूत्राच्या प्रत्येक फेऱ्यात लांब कांड्यांपेक्षा आखूड कांड्या अधिक बसतात, म्हणून त्याच वेळात जास्त इंधन पडते. पिशवीच्या तळाशी साचलेला भुगा एकदम पडल्यास तो क्षणात भडकतो व तापमान उसळते. ओलसर कांड्या मात्र फुगून मळसूत्र अडवतात. त्यांच्यामुळे आधी तापमान पडते, ज्वाला विझते आणि पुढच्या वेळी भडका होतो.

### नियंत्रकातील बिघाड

मोटर चालू-बंद करणारा रिले किंवा तत्सम इलेक्ट्रॉनिक भाग ‘चालू’ अवस्थेत अडकल्यास मळसूत्र सतत फिरत राहते. हा बिघाड तुलनेने विरळा आहे, परंतु तो आपोआप थांबत नाही.

## निदान

बिघाड शोधताना साध्या कारणांकडून अवघड कारणांकडे जावे. नियंत्रक बदलण्याचा खर्च करण्यापूर्वी पुढील क्रम उपयोगी पडतो.

१. जाळीच्या मध्यभागी स्वतंत्र तापमापक ठेवून तुलना करावी. झाकणावरील गोल तापमापकावर विसंबू नये, कारण तो वरच्या थरातील हवेचे तापमान दाखवतो. स्वतंत्र तापमापक व नियंत्रक दोन्ही जास्त तापमान दाखवत असतील, तर इंधन, हवा, चरबी किंवा नियंत्रक यांत दोष आहे. नियंत्रक ठरवलेले तापमान दाखवत असून स्वतंत्र तापमापक बरेच जास्त दाखवत असेल, तर दोष संवेदकाकडे आहे.

२. तापमान कसे चढते ते पाहावे. झाकण उघडल्यानंतरच चढत असेल तर उपाय वापरण्याच्या सवयीत आहे. फक्त दुपारच्या उन्हात व नीचतम तापमानावर चढत असेल तर जागा बदलावी. काही मिनिटांत झपाट्याने चढत असेल तर चरबीची आग गृहीत धरून वागावे.

३. ग्रिल पूर्ण थंड करून व विजेची जोडणी काढून संवेदक पुसावा, त्याच्या तारा व जोड तपासावेत. मल्टिमीटर उपलब्ध असल्यास रोध मोजावा. वर उल्लेखिलेल्या १,००० ओहमच्या संवेदकाचा रोध २५ अंश सेल्सिअसला सुमारे १,०९७ ओहम यावा. त्याहून बराच कमी रोध आल्यास संवेदक बदलावा. अन्य प्रकारच्या संवेदकांची मूल्ये वेगळी असल्याने उत्पादकाची पुस्तिका पाहावी.

४. आतील पत्रे काढून अग्निपात्रातील राख व कांड्या पाहाव्यात. दोन्ही पत्रे आपापल्या जागी बसले आहेत का, हेही पाहावे. ज्वालारोधक पत्रा सरकला असेल तर ज्वाला थेट चरबीच्या पत्र्यास लागते.

५. ग्रिल बंद करण्याच्या चक्रात टाकावे. या चक्रात मळसूत्र थांबून फक्त पंखा चालला पाहिजे. मळसूत्र तरीही फिरत राहिल्यास नियंत्रक सदोष आहे असे समजून विजेची जोडणी काढावी आणि नियंत्रक बदलेपर्यंत ग्रिल वापरू नये.

## अतितापन झाल्यास करावयाची कृती

साधे अतितापन असल्यास, म्हणजे तापमान ठरवलेल्या पातळीपेक्षा वर असूनही स्थिर असल्यास, झाकण बंद ठेवून दहा-पंधरा मिनिटे वाट पाहावी. झाकण उघडून ग्रिल थंड करण्याचा प्रयत्न उलट परिणाम करतो. तापमान न उतरल्यास अन्न बाहेर काढून ग्रिल नेहमीच्या पद्धतीने बंद करावे. या वेळी एकदम वीज तोडू नये. पंखा थांबल्यास अग्निपात्रातील निखारे धुमसत राहतात व आग मळसूत्राच्या नळीतून मागे पेलेटच्या पेटीकडे सरकू शकते.

चरबी पेटल्यास मात्र नियम वेगळा आहे. तेथे आगीची हवा तोडणे हे पहिले काम असते, म्हणून पंखा थांबणे इष्ट ठरते. झाकण बंदच ठेवावे, ग्रिल बंद करावे व हात सुरक्षितपणे पोहोचत असेल तर विजेची जोडणी काढावी. आग विझून ग्रिल पूर्ण थंड होईपर्यंत झाकण उघडू नये. झाकण उघडल्यास ताजी हवा मिळून ज्वाला तोंडावर येते. पाणी कधीही टाकू नये. पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान सुमारे १,७०० पट वाढते आणि जळती चरबी चहूकडे उडते. ज्वाला ग्रिलबाहेर आल्यास कोरड्या रासायनिक भुकटीचे अग्निशामक वापरावे. तेवढ्याने आग आटोक्यात न आल्यास दूर होऊन अग्निशमन दलाला बोलवावे. त्यासाठी अमेरिकेत ९११ व भारतात १०१ किंवा ११२ हे क्रमांक आहेत.

ज्वाला विझली असता किंवा वीज जाऊन परत आली असता ग्रिल लगेच सुरू करू नये. ते थंड होऊ द्यावे, जाळी व पत्रे काढावेत, अग्निपात्रातील सर्व कांड्या धातूच्या डब्यात रिकाम्या कराव्यात आणि मगच नव्याने पेटवावे. पेलेट ग्रिलच्या वापरातील सर्वांत महत्त्वाची अशी ही एकच सवय सांगता येईल.

## अन्नावरील परिणाम

अतितापनात अन्नाचा बाहेरचा भाग करपतो, पण आतला भाग शिजलेला असतोच असे नाही. म्हणून रंगावरून अंदाज न करता मांसाच्या सर्वांत जाड भागात तापमापक खुपसून पाहावे. अमेरिकेच्या कृषी खात्याने कोंबडीच्या मांसासाठी ७४ अंश सेल्सिअस (१६५ अंश फॅरनहाइट) हे किमान सुरक्षित अंतर्गत तापमान सांगितले आहे. चरबीच्या आगीतील काजळी व अग्निशामकाची भुकटी लागलेले अन्न टाकून द्यावे.

## प्रतिबंध

* दर काही वापरांनंतर अग्निपात्रातील राख काढावी. राखेतील निखारे कित्येक तास जिवंत राहू शकतात; म्हणून ग्रिल पूर्ण थंड झाल्यावरच राख काढावी आणि ती झाकणाच्या धातूच्या डब्यात ठेवावी.
* चरबीयुक्त मांस शिजवल्यानंतर दोन्ही पत्रे खरवडावेत, निचरानळी मोकळी करावी व चरबीचा डबा रिकामा करावा. उच्च तापमानावर जाण्यापूर्वी हे काम केलेच पाहिजे.
* संवेदक ओलसर फडक्याने नियमित पुसावा व अन्न त्यापासून काही अंतरावर ठेवावे.
* कांड्या कोरड्या, बंद डब्यात साठवाव्यात. पेटीत ओतण्यापूर्वी भुगा चाळून काढावा.
* सुरुवातीला झाकण उघडे ठेवावे की बंद, याबाबत प्रतिमानानुसार फरक असतो; पुस्तिकेतील सूचना पाळावी.
* ग्रिल सावलीत व वाऱ्याच्या आडोशाला, परंतु उघड्यावरच ठेवावे. ज्वलनात कार्बन मोनॉक्साइड हा रंग व वास नसलेला विषारी वायू तयार होतो, म्हणून घरात, गॅरेजमध्ये किंवा बंदिस्त बाल्कनीत ग्रिल वापरू नये.
* ग्रिल चालू असताना फार वेळ दूर जाऊ नये.

## भारतातील वापरासंबंधी

अमेरिकेतून परतणारी काही कुटुंबे घरसामानाबरोबर असे ग्रिल आणतात. अमेरिकेतील वीजपुरवठा १२० व्होल्ट व ६० हर्ट्झचा, तर भारतातील २३० व्होल्ट व ५० हर्ट्झचा आहे. तेथील ग्रिल येथे थेट जोडल्यास पेटवणाऱ्या सळईत जवळपास पावणेचार पट शक्ती खर्च होऊन ती जळते; नियंत्रकही निकामी होऊ शकतो. रोहित्र वापरून व्होल्टता उतरवली तरी वारंवारता बदलत नाही. त्यामुळे प्रत्यावर्ती प्रवाहावर चालणाऱ्या मोटरी सुमारे एक-षष्ठांशाने मंद फिरतात आणि इंधन व हवा यांचे प्रमाण बिघडते.

भारतात शेतातील काडीकचरा, उसाचे चिपाड, भुईमुगाची टरफले इत्यादींपासून केलेल्या पेलेट व ब्रिकेट कारखान्यांच्या बाष्पकांत वापरल्या जातात. त्या अन्न शिजवण्यासाठी बनवलेल्या नसतात. त्यांत राखेचे प्रमाण अधिक असते व इतर कोणते पदार्थ मिसळले आहेत याची खात्री नसते. दिसायला सारख्या असल्या तरी त्या खाद्योपयोगी ग्रिलमध्ये वापरू नयेत.

## हेही पहा

* बार्बेक्यू
* तंदूर
* शेगडी
* जैवभार इंधन
* अग्निशामक